प्रेरणेची उसनवारी

‘प्रेरणा’ हा शब्द आपल्याकडे हल्ली फार स्वस्त झाला आहे. पूर्वी तो कवींच्या आणि संतांच्या संदर्भात, तोही जपून, योजिला जात असे. आता तो शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींत, स्पर्धांच्या नियमपत्रिकांत आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर सर्रास आढळतो. मध्यम वर्गातील कितीतरी मुली आणि काही मुलगेही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या एका कलाशाखेकडे वळले, त्या शाखेत तर या शब्दाचा नुसता सुळसुळाट झाला आहे. नवा पोषाख अंगावर कसा दिसेल, त्याचे कापड कसे पडेल, तो ल्यालेली व्यक्ती कशी उभी राहील, हे दाखविण्याकरिता जे चित्र काढितात त्यास ‘फॅशन इलस्ट्रेशन’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. आपण त्यास वेषचित्र म्हणू. हे चित्र कसे काढावे, त्यासाठी स्फूर्ती कोठून आणावी आणि त्यात आपला स्वतःचा ठसा कसा उमटवावा, यासंबंधी जो उपदेश सध्या प्रचलित आहे, तो मुळातच चुकीचा आहे असे आमचे मत असून त्याची कारणे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

त्या उपदेशाचा सारांश असा: प्रथम प्रेरणा शोधावी, त्यासाठी आवडलेली चित्रे जमवून एका फळ्यावर टाचावी, त्यांतील एकाची रेषा, दुसऱ्याचा रंग आणि तिसऱ्याची उभे राहण्याची ढब घेऊन एक तऱ्हा बसवावी, आणि ती शंभर चित्रांत गिरविली म्हणजे ‘स्वतःची शैली’ सिद्ध झाली असे समजावे. फळ्यावर टाचलेली ही चित्रे बहुतकरून पॅरिस, मिलान आणि न्यूयॉर्क येथील असतात. कारण मोबाइलच्या पडद्यावर जे आधी येते तेच आधी टाचले जाते. अशा रीतीने विसाव्या वर्षी शैली ‘सापडलेल्या’ दहा विद्यार्थिनींची चित्रे एकत्र ठेविली, तर कोणते कोणाचे हे त्यांच्या आयांनाही सांगता यावयाचे नाही. आमचे म्हणणे असे की, शैली ही शोधण्याची वस्तूच नव्हे. चित्रकार एका विशिष्ट ठिकाणी राहून, स्वतःच्या डोळ्यांनी, पुन्हा पुन्हा जे पाहतो त्याने त्याच्या हाताला जे वळण पडते, त्यालाच लोक मागाहून शैली हे नाव देतात. पाहणे वगळून वळण मिळविण्याचा जो खटाटोप चालतो, तो सगळा उसनवारीचा व्यवहार होय. आणि उसनवारीचा नियम असा की, मूळ धनको दारात उभा राहिला म्हणजे ऋणकोच्या घरात काही उरत नाही.

ही टीका केवळ तात्त्विक आहे असे कोणास वाटू नये, म्हणून प्रत्यक्ष कागदावर काय घडते ते पाहू. सामान्य मनुष्याच्या शरीराची उंची त्याच्या मस्तकाच्या सुमारे साडेसात पट असते. वेषचित्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात जी आकृती शिकविली जाते ती नऊ मस्तकांची, कधी दहांचीही, असते. आणि ही वाढीव लांबी मुख्यतः पायांत घातलेली असते. पाश्चात्त्य झग्याच्या दृष्टीने या युक्तीत काही अर्थ आहे. तो झगा खांद्यावरून अथवा कमरेवरून सुटतो आणि खाली मोकळा पडतो. पाय लांब केले की त्याचा घोळ अधिक डौलदार दिसतो. पण हीच आकृती घेऊन तीवर नऊवारी लुगडे नेसविण्याचा प्रयत्न करावा! नऊवारीचे सारे शास्त्र कमरेच्या गाठीत, ओच्यात, निऱ्यांत आणि दोन पायांमधून मागे नेऊन खोचलेल्या कासोट्यात आहे. ते वस्त्र शरीराला धरून असते. मांडीशी ताणते, गुडघ्याशी सैल पडते, पोटरीवर पुन्हा आवळते. ते नेसणारी स्त्री वाकते, उकिडवी बसते, पाण्याची कळशी उचलते, आणि प्रत्येक हालचालीबरोबर चुण्यांची दिशा बदलते. लांबविलेल्या, ताठ, एका कुल्ल्यावर भार टाकून उभ्या असलेल्या पुतळीच्या अंगावर या सगळ्याला जागाच नसते. मग चित्रकार काय करितो? तो कासोटा गाळतो, निऱ्यांचे उभे पन्हळ काढितो, पदर वाऱ्यावर उडवितो आणि खाली ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो. ज्या वस्त्राचे चित्र काढावयाचे तेच चित्रातून नाहीसे झाले, हे ना त्याच्या ध्यानात येते, ना परीक्षकाच्या.

आमच्या जुन्या ग्रंथांत वस्त्र नेसण्याचे सकच्छ आणि विकच्छ असे दोन प्रकार सांगितले जातात: कासोटा घातलेले आणि न घातलेले. या साध्या भेदाचेही भान नसलेले वेषचित्र हे व्याकरण न जाणणाऱ्याच्या काव्यासारखे होय.

येथे आक्षेपक म्हणतील, ‘नऊवारी आता नेसतो कोण? आणि शहरात राहणाऱ्या मुलीने ती पाहावी तरी कोठे?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून मुंबईतील एकच वस्ती घेऊ. वडाळा हे काही कलेचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध नाही. हार्बर मार्गावरील एक गजबजलेले स्थानक, गोदीच्या आश्रयाने वाढलेल्या वसाहती, पूर्वेकडे मिठागरे, आणि त्यांच्याभोवती अलीकडे उठलेले उंच मनोरे, असे त्याचे स्वरूप. पण कात्रक मार्गावरील विठ्ठलमंदिरात आषाढी एकादशीला जी रांग लागते ती वेषचित्रकाराने एकदा सकाळपासून दुपारपर्यंत उभे राहून पाहावी. ज्यांना पंढरपूर गाठणे शक्य नाही असे मुंबईचे लोक या प्रतिपंढरपुरास येतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईच्या मानेचा ताठपणा आणि त्यामुळे पदराला मिळालेला तोल. गिरणगावातून आलेल्या म्हातारीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या बारीक चुण्या आणि तिच्या सुनेच्या नव्या कृत्रिम रेशमी साडीच्या न बसणाऱ्या, फुगणाऱ्या निऱ्या. वारकऱ्याच्या धोतराचा सोगा, पावसाने भिजून पोटरीला चिकटलेला. फेट्याचे पेच, कोणाचे चापून बसविलेले, कोणाचे घाईने गुंडाळलेले. एवढे सगळे एका रस्त्यावर, एका दिवशी, विनामूल्य पाहावयास मिळते.

आणि हे झाले वर्षातून एकदाच घडणाऱ्या प्रसंगाविषयी. एरवीही वडाळ्याहून पायी निघाले तर थोड्याच वेळात पाच बागांच्या परिसरातील दादरची पारशी वसाहत लागते. तेथे सणासमारंभास जुन्या पेटीतून निघालेला भरतकामाचा गारा अजून अंगावर येतो. त्यापलीकडे माटुंगा. तेथील तमिळ कुटुंबांत लग्नमुंजीच्या वेळी ‘मडिसार’ नेसतात. तेही नऊ वारांचेच, पण त्याचा कासोटा आपल्याहून निराळा, आणि अय्यर व अय्यंगार घराण्यांत पदराचा खांदाही निराळा. शेजारीच कच्छी व गुजराती बायका पदर पाठीमागून उजव्या खांद्यावर आणून छातीवर पुढे पसरतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण कोसाच्या आत एकाच लांब, न शिवलेल्या कापडाचे चार-पाच निरनिराळे विचार नांदत आहेत. प्रत्येकात पदराचे वजन वेगळ्या ठिकाणी पडते, म्हणून चालण्याची ढबही बदलते. फ्रान्सच्या शांताल बुलांजे या संशोधक बाईने भारतभर हिंडून साड्या नेसण्याच्या पद्धती बायकांकडून शिकून घेतल्या आणि १९९७ साली त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. दूरदेशीची बाई जे पाहण्यासाठी समुद्र ओलांडून आली, ते पाहण्यासाठी वडाळ्याची मुलगी रस्ता ओलांडीत नाही. ती घरात बसून पॅरिसच्या रस्त्यांवरील छायाचित्रांत प्रेरणा शोधीत असते.

असे पाहून काढणारा आपल्याकडे कोणी झालाच नाही काय? झाला, आणि त्याची ओळख या विद्यार्थ्यांना करून दिली जात नाही, ही आमची दुसरी तक्रार. रविवर्म्याने १८८९ साली काढिलेल्या एका प्रसिद्ध चित्रात निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया आपापल्या वेषात वाद्ये घेऊन बसल्या आहेत. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील ते चित्र एका अर्थी वेषचित्रच आहे. परंतु या विषयातला खरा गुरू म्हणावयाचा तर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांसच. कोल्हापुराहून आलेला हा चित्रकार १८९० साली जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरला आणि तेथेच अध्यापक होऊन १९३१ साली निवृत्त झाला; त्या काळाची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ या नावाने १९४० साली प्रसिद्ध केली. ऑटो रॉथफील्ड या सनदी अधिकाऱ्याने भारतीय स्त्रियांवर लिहिलेल्या पुस्तकास (१९२०) धुरंधरांची रंगीत चित्रे आहेत. त्या पुस्तकाची दृष्टी राज्यकर्त्याची आहे. स्त्रीकडे व्यक्ती म्हणून न पाहता जातीचा वा प्रांताचा नमुना म्हणून पाहण्याची खोड त्यात आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण लेखकाची दृष्टी काहीही असो, चित्रकाराचा डोळा मात्र कापडावर आणि देहावर होता. धुरंधरांच्या चित्रातील बाई जे नेसली आहे ते सोडून पुन्हा नेसता येईल अशी खात्री पाहणारास वाटते. गाठ कोठे आहे, पदर कोठून आला, कोठे खोचला, हे सर्व तेथे आहे. वेषचित्राची याहून निराळी कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

शैलीचा प्रश्न घेतला तरी उदाहरणे घरचीच आहेत. दीनानाथ दलाल (जन्म १९१६) आणि रघुवीर मुळगावकर (जन्म १९१८) हे दोघेही गोमंतकाचे, दोघेही मुंबईत नावारूपास आलेले, आणि दोघांनीही नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर हजारो मराठी घरांना परिचित झालेली साडीतील स्त्री रेखाटिली. विषय एक, काळ एक, गिऱ्हाईकही बहुतांशी एकच. तथापि दिवाळी अंक हाती आला म्हणजे सही न पाहता घरातील लहान मुलेही हे चित्र दलालांचे की मुळगावकरांचे ते सांगत. एकाची ठसठशीत रेषा आणि सपाट, धीट रंग. दुसऱ्याची मऊ, एकमेकांत विरघळणारी छटा. हे दोघे शैली शोधावयास कोठे गेल्याचे ऐकिवात नाही. दर महिन्याला चित्रे देण्याच्या धबडग्यात, समोर असलेल्या विषयाला हात घालता घालता, त्यांचे हात निराळे होत गेले.

ज्या परदेशी चित्रकारांची नक्कल आपले विद्यार्थी करितात, त्यांचीही कथा याहून वेगळी नाही. पॉल इरीबने १९०८ साली पॉल प्वारेच्या झग्यांची चित्रे काढिली, त्यापाठोपाठ १९११ साली जॉर्ज लपापने काढिली. दोघांनाही जपानी ठशांतील सपाट रंगांची ओढ होती. पण चितारली ती समोरच्या दालनात शिवला जात असलेली वस्त्रे. अँटोनियो लोपेझ (१९४३–१९८७) हा पोर्तो रिको बेटावर जन्मलेला, न्यूयॉर्कात वाढलेला मुलगा. त्याची आई शिवणकाम करी. वेषचित्रातील गोऱ्या, थंड पुतळीच्या जागी त्याने आपल्या ओळखीपाळखीच्या माणसांना समोर उभे करून चितारिले आणि त्या धंद्याची तऱ्हाच बदलली. आपले लोक लोपेझची रेषा घेतात. त्याने ती ज्या रीतीने मिळविली ती रीत घेत नाहीत. तो आपल्या गल्लीकडे पाहून चितारीत होता, आपण त्याच्या गल्लीकडे पाहून चितारतो, एवढाच काय तो फरक!

या सर्वांत आपल्या विषयास सर्वाधिक लागू पडणारे उदाहरण भानू अथैया यांचे. यांचा नामनिर्देश बहुधा ‘ऑस्कर मिळविणारी पहिली भारतीय’ एवढ्यापुरताच होतो. त्यांचा आरंभ वेषचित्रकार म्हणून झाला, ही गोष्ट विसरली जाते. २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात राजोपाध्ये घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार होते. ते मुलीच्या लहानपणीच वारले. जे. जे. कलाशाळेत शिकून १९५१ साली त्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. शुद्ध चित्रकलेचा मार्ग असा मोकळा असताना या तरुण स्त्रीने मुंबईच्या स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी, प्रथम ‘फॅशन अँड ब्यूटी’ आणि नंतर ‘ईव्हज वीकली’ यांसाठी, वेषचित्रे काढण्याचे काम पत्करिले. पुढे ‘ईव्हज वीकली’च्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढिले, तेव्हा चित्रात काढतेस तेच कपडे आता प्रत्यक्ष करून दे, असे तिने भानूबाईंस सुचविले. गिऱ्हाइकांत चित्रपटांतील नट्या होत्या, तेथून ‘सी. आय. डी.’ (१९५६) या चित्रपटापर्यंतची वाट सरळ होती.

या घटनेकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधू इच्छितो. कागदावरची आकृती कापडात उतरवून दे, असे सांगितल्यावर आजच्या किती वेषचित्रकारांना ते करिता येईल? नऊ मस्तकांच्या पुतळीचा झगा साडेसात मस्तकांच्या बाईला बसत नाही. जी रेषा केवळ दुसऱ्याच्या रेषेवरून आली आहे, तिला शिंप्याच्या कात्रीसमोर उत्तर देता येत नाही. भानूबाईंच्या रेषेला ते देता आले, कारण ती कापडाच्या व देहाच्या ज्ञानातून आलेली होती. ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. अजिंठ्यावरून स्फूर्ती घेतल्याचे सांगणारे पुष्कळ आहेत. ते तेथून डोळ्यांचा आकार आणि मुकुटाची नक्षी उचलतात. भानूबाईंनी तेथून वस्त्र कसे बांधले आहे ते घेतले, आणि ते वैजयंतीमालेसारख्या नर्तिकेच्या अंगावर नाचताना टिकेल अशा रीतीने पुन्हा बांधले. ‘ब्रह्मचारी’ (१९६८) मधील मुमताजची ती प्रसिद्ध नारिंगी साडी शिवलेली होती. नृत्यात ती सुटू नये ही अडचण समोर होती आणि तिच्यातून नवी तऱ्हा जन्मास आली. म्हणजे फॅशनदेखील अडचणीकडे नीट पाहिल्याने निर्माण होते. पुढे जॉन मोलो यांच्यासमवेत ‘गांधी’ (१९८२) साठी त्यांना ऑस्कर मिळाले; ‘लेकिन’ व ‘लगान’ यांसाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्या निवर्तल्या. एवढ्या मोठ्या कामात त्यांची एकच ठराविक तऱ्हा दाखविता येत नाही: दरबारी नर्तिका, खादीतला जनसमुदाय, खेड्यातले शेतकरी, सर्व निरनिराळे. आणि तरीही या सर्वांमागचा डोळा एकच आहे हे ओळखता येते. शैली या शब्दास काही अर्थ असेल तर तो हाच.

आता काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, नवशिक्याने नक्कल केल्याखेरीज तो शिकणार कसा? हा आक्षेप खरा आहे. धुरंधरांच्या कलाशाळेतही ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती समोर ठेवून हात बसवीत. र्‍ने ग्र्यूओने चार फटकाऱ्यांत एक अंगरखा कसा उभा केला हे समजून घेण्यासाठी त्याचे चित्र वीस वेळा गिरवावे. त्यात कमीपणा नाही. पण गवयाचा शागीर्द पलटे घोटतो ते मैफिलीत पलटेच गाण्यासाठी घोटीत नसतो. नक्कल ही तालीम आहे तोवर ती पथ्यकर. ती भांडवल झाली की दिवाळे ठरलेले.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. वेषचित्र हे स्वप्नाचे चित्र असते, वास्तवाचे नव्हे. गिऱ्हाइकाला जे आहे ते नको असते, जे व्हावेसे वाटते ते हवे असते. म्हणून आकृती लांबविणे हा या कलेचा धर्मच आहे, असे काहीजण म्हणतात. अतिशयोक्ती हा कलेचा अलंकार आहे हे आम्हांस मान्य आहे. पण अतिशयोक्ती कशाची करावयाची हे ठरविण्याचा अधिकार आपण कोणास देऊन टाकिला आहे? नऊवारीच्या चित्रात अतिशयोक्ती करावयाची तर ती पावलाच्या ठामपणाची, कमरेच्या बाकाची, पदराच्या झोकाची करिता येईल. आमच्या शिल्पकारांनी वेरुळास तेच केले. पायांच्या लांबीचीच अतिशयोक्ती करावी हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? हे स्वप्नदेखील उसने आहे. त्याचा परिणाम कागदापुरता थांबत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी रोज असली चित्रे पाहते, त्यांची नक्कल करिते, आणि स्वतःच्या आईच्या, आजीच्या व आरशातल्या देहाला चित्रास अयोग्य ठरविण्यास शिकते. हे शिक्षण आपण फी भरून देत आहोत, याचा विचार पालकांनी करावा.

तिसरा आक्षेप बाजाराचा. दादरच्या साडीदुकानदारास, मासिकाच्या संपादकास, जाहिरात देणाऱ्यास तीच लांब पुतळी हवी असते. चित्रकाराने पोट कसे भरावे? पोटाचा प्रश्न आम्ही हलका लेखीत नाही. भानूबाईंनीही नियतकालिकाच्या गरजेबरहुकूमच काम केले, दलाल-मुळगावकरांनीही केले. परंतु गिऱ्हाईक विषय, मुदत व माप ठरवितो. चित्रकाराने काय पाहिले आहे हे तो ठरवू शकत नाही. ज्याने काही पाहिले आहे तो हुकमाच्या कामातही ते घालू शकतो. ज्याने पाहिलेच नाही त्याला पूर्ण मोकळीक दिली तरी तो काय घालणार?

आतापर्यंत आम्ही परदेशाची उसनवारी करणाऱ्यांविषयी बोललो. त्यामुळे दुसऱ्या बाजूचे काही लोक खूष झाले असतील. त्यांचीही निराशा करणे भाग आहे. अलीकडे ‘मराठमोळे’ म्हणून जे वेषचित्र मिरविले जाते, त्यात नाकात मोठी नथ, कपाळी चंद्रकोर, जांभळी पैठणी आणि केसांत गजरा असतो. मात्र या दागिन्यांखालचा देह तोच, नऊ मस्तकांचा. ही नथही पाहून काढलेली नसते, दुसऱ्याच्या चित्रावरून घेतलेली असते. नथीने नाकाचा पाळा किंचित ओढला जातो, ती ल्यालेली बाई बोलताना व खाताना ती सावरते, हे ज्याने पाहिलेले नाही त्याची नथ म्हणजे चित्रावर चिकटविलेला शिक्काच. पैठणीच्या पदराला जरीचे वजन असते, तो खांद्यावरून सरळ खाली येतो. तो ओढणीसारखा हवेत तरंगणारा दाखविणारा चित्रकार स्वदेशीचा अभिमानी असेल, पण त्याने पैठणी हातात घेतलेली नाही. परक्याची नक्कल आणि पूर्वजांची नक्कल यांत नक्कल हा गुण समान आहे. वडाळ्याच्या स्थानकावर सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या मुलींच्या अंगावर जीन, कुर्ता, ओढणी व पाठीवरची पिशवी असते. ओढणी गाडीत अडकू नये म्हणून मारलेली गाठही असते. ही गाठ नथीइतकीच मराठी आहे आणि तिचे चित्र अजून कोणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही.

वर धनको दारात येतो असे जे म्हटले, ते आता प्रत्यक्ष घडत आहे. चार शब्द लिहिले की लांब पुतळी, उडता पदर आणि हवी त्या चित्रकाराची ढब यांसह वेषचित्र क्षणार्धात तयार करणारी यंत्रे आज कोणाच्याही हाती आहेत. पूर्वीच्या असंख्य चित्रांतून मिश्रण करणे हेच त्या यंत्राचे काम. आणि नेमके तेच काम आपल्या वर्गांत इतकी वर्षे ‘शैली’ या नावाने शिकविले गेले. फळ्यावर चित्रे टाचून त्यांचे मिश्रण करणाऱ्या विद्यार्थ्याशी यंत्राची जी स्पर्धा होईल तीत विद्यार्थ्याचा पराभव ठरलेला आहे. ते अधिक वेगाने व अधिक स्वस्तात मिश्रण करिते. यंत्राविरुद्ध आक्रोश करून काही साधणार नाही. त्या रांगेत पावसात उभे राहून भिजलेल्या सोग्याचे वजन डोळ्यांनी तोलणे ही एक गोष्ट अजून माणसाकडे आहे. ती आपण होऊन सोडून दिली तर दोष यंत्राचा नव्हे.

टीका करणाराने उपायही सांगावा, हा संकेत आहे. आमचे उपाय साधे आहेत आणि त्यांस पैसा लागत नाही. वेषचित्राच्या पहिल्या वर्षी परदेशी चित्र समोर ठेवू नये. विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील शंभर माणसे, ती जे ल्याली आहेत त्यासह, चितारावी. प्रत्येकीने आईकडून वा आजीकडून एक लुगडे स्वतः नेसावयास शिकावे, कारण जे हाताने बांधले नाही ते डोळ्यास दिसत नाही. आणि नऊवारी नेसवू शकणाऱ्या आज्या घराघरांतून कमी होत आहेत. पाठमोरी आकृती काढणे सक्तीचे करावे. कासोटा पाठीमागेच असतो. मासिकांनी व दिवाळी अंकांनी वेषचित्राखाली चित्रकाराचे नाव छापावे, म्हणजे चांगल्यास श्रेय आणि उसन्यास लाज, दोन्ही योग्य ठिकाणी पोहोचतील. आणि परीक्षकांनी ‘तुमची प्रेरणा कोणती?’ हा प्रश्न विचारणे कायमचे बंद करावे. त्याऐवजी चित्रातील एखाद्या चुणीवर बोट ठेवून विचारावे, ‘ही कोठे पाहिलीस?’ जिला या प्रश्नाचे उत्तर रस्त्याच्या, घराच्या वा माणसाच्या नावासह देता येईल, तिच्या शैलीची चिंता तिने करू नये, आणि इतरांनीही करू नये.